प्रतिबिंबित डिस्क

संगणकावरील माहिती दोन किंवा अधिक हार्ड डिस्कांवर एकाच वेळी व तंतोतंत सारखी नोंदली जाईल, अशा तऱ्हेने जोडलेल्या डिस्कांच्या संचाला प्रतिबिंबित डिस्क म्हणतात. संगणकाला हा संच एकच डिस्क म्हणून दिसतो. फाइल लिहिण्याची आज्ञा मिळताच संचाचा नियंत्रक ती दोन्ही डिस्कांवर लिहितो. वाचन मात्र दोहोंपैकी कोणत्याही एकीवरून केले तरी चालते. एक डिस्क निकामी झाल्यास दुसरीवरून काम अखंड चालू राहते. निकामी डिस्कच्या जागी नवी बसविली की, चालू डिस्कवरील सर्व माहिती तिच्यावर उतरवून घेतली जाते. या क्रियेस पुनर्बांधणी असे म्हणतात.

एकेकाळी मोठ्या संस्थांच्या संगणकांपुरती मर्यादित असलेली ही योजना आता दोन डिस्क मावतील अशा लहान बाह्य पेट्यांमधून घरोघरी पोहोचली आहे. छायाचित्रकार, लेखापाल, वकील, संशोधक व हस्तलिखितांच्या प्रती जतन करणाऱ्या लहान संस्था अशा पेट्या वापरतात; अनेक कुटुंबांची पंधरा-वीस वर्षांची छायाचित्रे त्यांतच असतात. पेटी जोडली की माहिती सुरक्षित झाली, हा त्यांबाबतचा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. कारण प्रतिबिंबनाचे संरक्षण एका विशिष्ट आपत्तीपुरतेच असते आणि ते चालू आहे की केव्हाच संपले आहे, हे दैनंदिन वापरात मुळीच दिसत नाही. यामुळे अशा संचाची मुद्दाम तपासणी करणे हा त्याच्या वापराचाच एक भाग ठरतो.

इतिहास : चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी उपकरण आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. त्यात ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सु. ५० लाख अक्षरे मावत. इतकी मोठी उपकरणे जोडीने ठेवणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. तथापि ज्या व्यवहारांत संगणक क्षणभरही थांबून चालत नसे, त्यांच्यासाठी टँडेम कंपनीने १९७६ पासून पुरविलेल्या ‘नॉनस्टॉप’ संगणकांत दुहेरी डिस्कांची सोय होती. निकामी झालेल्या साठ्यातील माहिती उरलेल्या साठ्यांवरून पुन्हा मिळविण्याच्या एका पद्धतीचे एकस्व (पेटंट) आयबीएमच्या नॉर्मन केन ऊची यांना १९७८ मध्ये मिळाले. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून महागड्या मोठ्या डिस्कची जागा घेता येईल, असे प्रतिपादन करणारा निबंध प्रसिद्ध केला. या रचनांना त्यांनी ‘रेड’ हे आद्याक्षरी नाव दिले व त्यांच्या पाच पातळ्या कल्पिल्या. त्यांपैकी पहिली पातळी म्हणजेच प्रतिबिंबन होय. पेट्यांवर व त्यांच्या माहितीपत्रकांत आढळणारी ‘रेड १’ ही संज्ञा तेथून आली आहे. आद्याक्षरांतील एका अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता. पुढे उत्पादकांनी तो बदलून ‘स्वतंत्र’ असा केला.

रचना व तिचा परिणाम : प्रतिबिंबन तीन ठिकाणी घडविता येते : संगणक-प्रणालीच्या आज्ञावलीत, संगणकात बसविलेल्या स्वतंत्र नियंत्रक-पत्रावर किंवा बाह्य पेटीतील मंडलावर. घरगुती पेट्यांत बहुधा तिसरा प्रकार असतो. त्याचा लाभ असा की, पेटी कोणत्याही संगणकाला जोडता येते. तोटाही त्यातच आहे. आपल्यामागे दोन डिस्क आहेत हे संगणकाला माहीत नसते, त्यामुळे त्यांतील एक बंद पडल्याचेही तो आपण होऊन सांगू शकत नाही. ही वार्ता देण्याचे काम पेटीवरील एखादा लहान दिवा, क्वचित एखादी शिटी किंवा उत्पादकाने दिलेली वेगळी आज्ञावली यांवर सोपविलेले असते. पेटी मेजाखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असली आणि ती आज्ञावली संगणकात कधी भरलीच नसली, तर संच महिनोन्महिने एका डिस्कवर चालतो. फाइली उघडतात, नव्या फाइली लिहिल्या जातात, वेगातही सहसा जाणवण्याजोगा फरक पडत नाही. एक डिस्क गेली तरी कामात खंड पडू नये, हाच प्रतिबिंबनाचा हेतू असल्यामुळे ते जितके चोख, तितका त्यातील बिघाड झाकलेला राहतो.

या झाकलेल्या बिघाडाची किंमत साध्या गणिताने काढता येते. गार्थ गिब्सन व बिआंका श्रोडर यांनी सु. एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दर वर्षी बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के आढळले. काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंतही होते. हे प्रमाण ३ टक्के धरल्यास एकट्या डिस्कवर ठेवलेली माहिती पाच वर्षांत गमावण्याची शक्यता सु. सातात एक इतकी येते. प्रतिबिंबित जोडीतील पहिला बिघाड आठवड्याच्या आत लक्षात येऊन नवी डिस्क बसविली जात असेल, तर दोन्ही डिस्क एकदम जाण्याची शक्यता त्याच पाच वर्षांत सु. ५,८०० मध्ये एक इतकी खाली येते. परंतु पहिल्या बिघाडाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, तर ती ५० मध्ये एक होते. म्हणजे दुसऱ्या डिस्कसाठी मोजलेल्या पैशाचा बराचसा मोबदला त्या डिस्कमुळे मिळत नसून पहिल्या बिघाडाची खबर वेळीच लागण्यामुळे मिळतो.

वरील हिशोबात दोन डिस्कांचे बिघाड परस्परांशी असंबद्ध आहेत, असे मानले आहे. व्यवहारात ते पुरतेपणी खरे नसते. पेटीतील दोन्ही डिस्क बहुधा एकाच कारखान्यातील, एकाच सुमारास तयार झालेल्या असतात. त्या एकाच पंख्याखाली तापतात, एकाच वीजपुरवठ्याचे धक्के सोसतात आणि एकदम जमिनीवर पडतात. चुंबकीय डिस्कऐवजी स्थायुरूप (फिरते भाग नसलेल्या) डिस्क वापरल्यास आणखी एक गोष्ट घडते. अशा डिस्कवरील लेखनाची संख्या मर्यादित असते आणि प्रतिबिंबनात दोहोंवर सारखेच लेखन होते. म्हणजे त्या जवळजवळ बरोबरीने झिजतात. जोडीत निरनिराळ्या वेळी किंवा निरनिराळ्या उत्पादकांकडून घेतलेल्या डिस्क घालणे यासाठी श्रेयस्कर असते. मात्र दोहोंची क्षमता सारखी असावी, अन्यथा लहान डिस्कइतकीच जागा उपयोगात येते.

तपासणी : पहिला प्रश्न संच खरोखर प्रतिबिंबित आहे का, हा होय. दोन डिस्कांच्या पेट्यांत एकाहून अधिक रचना शक्य असतात व त्यांची निवड मागील बाजूच्या खटक्याने किंवा आज्ञावलीतून होते. एका रचनेत प्रत्येक फाइलचे तुकडे आळीपाळीने दोन्ही डिस्कांवर विखुरले जातात. तीत वेग व जागा दुप्पट मिळतात, परंतु कोणतीही एक डिस्क गेली तरी सर्व माहिती जाते. काही पेट्या कारखान्यातून याच रचनेत येतात. ही रचना एकट्या डिस्कहूनही धोक्याची असल्याने तिला प्रतिबिंबन समजून वापरणे ही या विषयातील सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल.

याची प्राथमिक परीक्षा क्षमतेवरून होते. पेटीत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क असून संगणकाला एकच ४ टेराबाइटची डिस्क दिसत असेल, तर प्रतिबिंबन असणे शक्य आहे. ८ टेराबाइट दिसल्यास ते निश्चितपणे नाही. चारचारच्या दोन वेगळ्या डिस्क दिसल्यास पेटी त्यांना नुसते शेजारी ठेवत आहे. काही संगणक-प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजतात, त्यामुळे ४ टेराबाइटच्या जागी सु. ३·६४ हा आकडा दिसतो. ती तूट नव्हे. ही परीक्षा आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. दोहोंपैकी एक डिस्क मृत असलेला संचही ४ टेराबाइटच दाखवितो.

दुसरी पायरी स्थितीची. पेटीवरील दिव्यांचे रंग व त्यांचे लुकलुकणे यांचे अर्थ प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने ते माहितीपत्रकातून एकदा पाहून पेटीवरच चिकटवून ठेवावेत. उत्पादकाची आज्ञावली असल्यास तीत संच निरोगी आहे, अवनत (एका डिस्कवर चालणारा) आहे किंवा पुनर्बांधणीत आहे, यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. संगणक-प्रणालीने स्वतः केलेल्या प्रतिबिंबनात ही माहिती अधिक विश्वासार्ह असते. लिनक्स प्रणालीत तर दोन डिस्कांसाठी दोन अक्षरे दाखविली जातात व गैरहजर डिस्कच्या अक्षराच्या जागी नुसती रेघ येते. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी स्वतःही ठेवते व त्या ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जातात. बाह्य पेट्यांतील मंडल मात्र त्या संगणकापर्यंत पुष्कळदा पोहोचू देत नाही. पोहोचल्या तरी त्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. गूगल कंपनीतील एदुआर्दो पिन्हेइरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या आधारे २००७ मध्ये दाखवून दिले की, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते. पण निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख पूर्वचिन्हांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणून वाईट नोंद दिसताच डिस्क बदलावी, मात्र चांगली नोंद दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

खरी परीक्षा एक डिस्क काढून पाहण्याची. ती करण्यापूर्वी संचातील सर्व माहितीची वेगळी प्रत तिसऱ्या ठिकाणी असलीच पाहिजे. ही अट पाळता येत नसेल, तर तपासणी थांबवून आधी तीच प्रत करावी. तपासणीच्या आरंभीच ही उणीव उघड होणे हादेखील तिचा एक उपयोगच आहे. त्यानंतर काही शे फाइलींचा एक नमुना निवडावा. त्यांत जुन्या फाइलीही असाव्यात, कारण नुकत्याच लिहिलेल्या फाइली संगणक आपल्या स्मृतीतूनच परत दाखवितो आणि डिस्क वाचली गेल्याचा आभास निर्माण होतो. या फाइलींचे ताळे (त्यांविषयी पुढे पाहावे) काढून कागदावर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवावेत. मग पेटी रीतसर अलग करून व वीज बंद करून एक डिस्क बाहेर काढावी, तिच्यावर खूण करावी आणि उरलेल्या एकीवर पेटी पुन्हा सुरू करावी. अवनत स्थितीचा दिवा लागतो का, संगणकावर इशारा येतो का व किती वेळाने येतो, हे या वेळी पाहावे. इशारा आला नाही, तर खराखुरा बिघाड झाल्यावरही तो येणार नाही. नमुन्याच्या फाइलींचे ताळे पुन्हा काढून जुळवावेत. या अवस्थेत संचावर काहीही नवे लिहू नये.

यानंतर पेटी बंद करून काढलेली डिस्क परत बसवितात व पुनर्बांधणी पूर्ण होऊ देतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने उतरवून घेण्यास सात-साडेसात तास लागतात. त्याच वेळी संचावर इतर काम चालू असल्यास याहून बराच अधिक वेळ लागतो. या काळात वीज गेल्यास काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. जेथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे, तेथे अखंड वीजपुरवठ्याच्या उपकरणाशिवाय पुनर्बांधणीस हात घालू नये. ती पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच दुसरी डिस्क काढून हीच कृती पुन्हा करावयाची असते. पहिल्या डिस्कची परीक्षा करून थांबणारे अनेक असतात. पण अशा अर्ध्या परीक्षेत केवळ पेटीत राहिलेली डिस्क वाचता येते एवढेच सिद्ध होते, बाहेर काढलेलीविषयी काहीच कळत नाही.

या कृतीत एक धोका आहे. पुनर्बांधणीला दिशा असते : एका डिस्कवरील माहिती दुसरीवर चढविली जाते व दुसरीवरील मूळ माहिती पुसली जाते. बाहेर काढलेली डिस्क मधल्या काळात दुसऱ्या संगणकाला जोडली गेली आणि तिच्यावर एखादी नोंद झाली, तर दोन्ही डिस्क आपापल्या परीने पूर्ण पण परस्परांहून भिन्न होतात. काही नियंत्रक अशा वेळी कोणती खरी मानायची ते विचारतात, काही आपणच ठरवून मोकळे होतात. अधिक वाईट प्रसंग म्हणजे वर्षापूर्वी संचातून गळालेली डिस्क सैल जोडणी नीट बसताच पुन्हा जागी होणे. नियंत्रकाने तिलाच मूळ मानले, तर वर्षभराचे काम तिच्या शिळ्या नोंदींखाली गाडले जाते.

दोन प्रतींतील तफावत : दोन्ही डिस्क चालू असून त्यांवरील एखादी नोंद भिन्न असू शकते. लिहिताना एका डिस्कवर नोंद होऊन दुसरीवर होण्याआधी वीज गेली, डिस्कच्या पृष्ठभागाचा एखादा अंश बिघडला किंवा तारेतील दोषामुळे एखादा अंक बदलला, तर हे घडते. डिस्कने स्वतः ‘हा भाग वाचता येत नाही’ असे कळविले, तर प्रश्न सोपा असतो. नियंत्रक दुसरीवरून वाचतो व पहिली दुरुस्त करतो. पण दोन्ही डिस्कांनी निःशंकपणे वेगवेगळी उत्तरे दिली, तर साध्या प्रतिबिंबनाला खरे कोणते हे ठरविण्याचा कोणताच मार्ग नसतो. बहुतेक नियंत्रक दर वेळी एकीवरूनच वाचत असल्याने ही तफावत त्यांच्या ध्यानातही येत नाही. रोजकीर्द व खतावणी यांतील आकडे जुळत नसले, तर दोन वह्या पुन्हापुन्हा वाचून चूक कोठे आहे हे कळत नाही. त्यासाठी मूळ पावती किंवा बेरजेचा ताळा लागतो.

संगणकाच्या बाबतीत असा ताळा गणिती रीतीने काढतात. फाइलमधील सर्व अंकांवर ठराविक क्रिया करून एक लहान, ठरलेल्या लांबीची संख्या मिळविली जाते. फाइलमधील एक अंक बदलला, तरी ही संख्या पूर्णपणे बदलते. नवाच्या ताळ्यात दोन आकड्यांची अदलाबदल सुटून जाते, तशी गफलत येथे होत नाही. सध्या प्रचलित असलेली ‘एसएचए-२५६’ ही रीत २५६ द्विमान अंकांची संख्या देते व ती काढण्याची आज्ञा सर्वसाधारण संगणक-प्रणालींत उपलब्ध असते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने विकसित करून २००५ मध्ये खुल्या केलेल्या ‘झेडएफएस’ या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक नोंदीचा ताळा आपोआप व नोंदीपासून वेगळा ठेवला जातो. अशा व्यवस्थेतील प्रतिबिंबित जोडी दोन भिन्न प्रतींपैकी खरी ओळखून खोटी सुधारू शकते. घरगुती पेट्यांत ही सोय सहसा नसते. तेथे महत्त्वाच्या फाइलींचे ताळे वापरणाऱ्यानेच काढून ठेवणे भाग पडते.

बिघडलेले अंश वाचले जाईपर्यंत उघडकीस येत नाहीत, हीही एक अडचण आहे. लक्ष्मी बैरवसुंदरम व सहकाऱ्यांच्या १५ लाखांहून अधिक डिस्कांच्या पाहणीत ३२ महिन्यांच्या काळात ३·४५ टक्के डिस्कांवर असे सुप्त दोष आढळले (२००७). दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाची छायाचित्रे कोणी रोज उघडून पाहत नाही. त्या भागातील दोष पुनर्बांधणीच्या वेळी, म्हणजे तीच एक प्रत शिल्लक असताना प्रथम वाचला जातो. यावर उपाय म्हणजे दोन्ही डिस्कांचा संपूर्ण पृष्ठभाग ठराविक मुदतीने वाचून घेणे. काही नियंत्रकांत तशी आज्ञा असते. महिन्यातून एकदा हे वाचन व वर्षातून एकदा वर वर्णिलेली डिस्क काढण्याची परीक्षा, एवढे वेळापत्रक घरगुती संचास पुरेसे आहे.

मर्यादा : प्रतिबिंब वस्तूच्या मागे राहत नाही, तिच्याबरोबर बदलते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. जर्नलस्पेस या अमेरिकन सेवेवर अनेक लोकांनी सु. सहा वर्षे लिहिलेला मजकूर प्रतिबिंबित जोडीवर ठेवलेला होता व वेगळी राखीव प्रत नव्हती. २००८ च्या अखेरीस तिचा मुख्य माहितीसाठा खोडला गेला, तो दोन्ही डिस्कांवर खोडला गेला. दोन्ही डिस्क सुस्थितीत होत्या. सेवा बंद करावी लागली.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर २७ जून २०१७ रोजी दिसून आले. युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाचे संगणक जगभर निकामी केले; मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. समूहाच्या संगणकजाळ्याची किल्ली म्हणता येईल अशी माहिती सु. १५० सर्व्हरांवर होती आणि ते सतत परस्परांशी जुळते राखले जात. एक गेल्यास बाकीचे आहेत, असा त्यामागील हिशोब होता. ते सर्व एकदमच गेले. बचावला तो घानामधील एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्याबाहेर होता. त्याच्या डिस्कवरून पुढे सर्व व्यवस्था उभी करण्यात आली. १५० प्रतिबिंबांनी जे साधले नाही, ते जोडणी तुटलेल्या एका प्रतीने साधले.

आग, पूर, चोरी व विजेचा जबरदस्त झोत यांपुढे एका पेटीतील दोन डिस्क म्हणजे एकच वस्तू असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, अशा वेळी तळमजल्यावरील खोलीत एका डिस्कऐवजी दोन असल्याने काही फरक पडत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची माहितीकेंद्राची इमारत जळाली, तेव्हा ज्या ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी अनेकांना दोन्ही गमवाव्या लागल्या. पेटीचे मंडल जळण्याची शक्यताही विसरता येत नाही. दोन्ही डिस्क शाबूत असून त्या केवळ त्याच प्रकारच्या पेटीत वाचता येतात, असे काही वेळा आढळते; काही पेट्या माहिती सांकेतिक रूपात लिहितात व सांकेतिक किल्ली मंडलातच असते. म्हणून तपासणीच्या वेळी बाहेर काढलेली डिस्क सामान्य जोडणीने वाचता येते का, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून आधीच समजून घेणे योग्य. ती प्रत्यक्ष जोडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण जोडताच काही संगणक-प्रणाली तिच्यावर स्वतःच्या नोंदी करतात.

या साऱ्यांवर उपाय म्हणजे प्रतिबिंबनाखेरीज राखीव प्रत, म्हणजेच ज्याला व्यवहारात बॅकअप म्हणतात ती ठेवणे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या सूत्रानुसार माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. प्रतिबिंबित जोडीतील दोन डिस्क या मोजणीत एकच प्रत धरावयाच्या असतात. राखीव प्रत कामापुरती जोडून नंतर काढून ठेवली जावी आणि कालची, गेल्या आठवड्यातील व गेल्या महिन्यातील अशा वेगवेगळ्या वेळच्या प्रती तीत राहाव्यात. तीही तपासावी लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला, तेव्हा राखीव प्रती काढण्याची नेमून दिलेली क्रिया काही काळापासून अयशस्वी होत होती, असे आढळले. अपयशाची सूचना देणारी पत्रे पाठविली जात होती. परंतु पत्रव्यवस्था ती नाकारत असल्याने कोणालाच मिळाली नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीमुळे बाकीची माहिती वाचली. राखीव प्रतीतून काही फाइली वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष परत आणून उघडणे, हीच तिची परीक्षा होय.

निकामी डिस्क बदलताना : पेटीतून काढलेली डिस्क हमीच्या मुदतीत असल्यास उत्पादकाकडे परत पाठविण्याची प्रथा आहे. विखुरलेल्या रचनेतील एकट्या डिस्कवर फाइलींचे तुकडे असतात. प्रतिबिंबित जोडीतील प्रत्येक डिस्कवर मात्र संपूर्ण माहिती असते आणि डिस्क ‘निकामी’ ठरली तरी तिच्या तबकड्यांवरील बहुतेक भाग वाचण्याजोगा असू शकतो. रुग्णांच्या नोंदी, पक्षकारांचे कागद किंवा बँकेचे तपशील अशा डिस्कबरोबर बाहेर जातात. ज्या डिस्कवर आज्ञा चालतात, ती पूर्णपणे पुसून द्यावी. ज्या डिस्कवर आज्ञाच चालत नाहीत, तिच्या बदली मिळणाऱ्या नव्या डिस्कचे मोल व आतील माहितीचे मोल यांची तुलना करून, प्रसंगी हमीवर पाणी सोडून, तिच्या तबकड्या फोडून टाकाव्या लागतात.